गाविलगडची लढाई कोण दाखवतं?

आर्वीहून पश्चिमेला निघालं की थोड्याच वेळात वर्धा नदी लागते. पूल ओलांडला की जिल्हा बदलतो, अमरावतीच्या पाट्या दिसू लागतात आणि बसमधलं कुणीतरी सहज म्हणून जातं, 'आलं वऱ्हाड.' ही सरहद्द दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका लढाईने आखली. 15 डिसेंबर 1803 रोजी गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, देवगावच्या तहाला नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांना मान्यता द्यावी लागली. कटक आणि बालेश्वर गेलं, वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला. नदीच्या अलीकडची आर्वी भोसल्यांकडे राहिली, पलीकडचा प्रदेश निजामाच्या पदरात पडला. आर्वीच्या पोरांना नदीचं पात्र तोंडपाठ असतं. त्या पात्राला सरहद्द बनवणारी लढाई कुठे झाली हे मात्र त्यांना क्वचितच कुणी नेऊन दाखवलेलं असतं.

नेत नाहीत असं नाही. थंडीच्या दिवसांत वर्धा जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली चिखलदऱ्याला जातातच. एसटीची सवलतीची गाडी, पहाटेचा अंधार, अमरावती, परतवाडा, मग घाटाची वळणं आणि मागच्या सीटवर पिशव्या धरून बसलेली दोन-चार पोरं. दिवसाचा कार्यक्रमही ठरलेला: भीमकुंड, पंचबोल पॉइंट, देवी पॉइंट आणि वेळ उरला तर गाविलगड. कीचकाला भीमाने मारून दरीत फेकलं ही कथा प्रत्येक मुलाला ऐकायला मिळते. किल्ल्यात शिरल्यावर दगडातला गंडभेरुंड, तोफा, मशीद, तलाव एवढं पाहून फोटो निघतात आणि शिट्टी वाजते. सर हजेरी घेतात. गाडी परत.

किल्ला पाहिला, लढाई राहून गेली.

गाविलगड चिखलदऱ्याच्या अगदी जवळ, सातपुड्याच्या पठारातून बाहेर आलेल्या एका सोंडेवर आहे. तिन्ही बाजूंना खोल उतार आणि फक्त उत्तरेला पठाराशी जोडणारी जमीन. 1425 च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशहा वलीने तो बांधून काढला, पुढे 1488 मध्ये फतेहउल्ला इमादुल्मुल्कने त्याची मजबुती केली. बांधणाऱ्यांनी जागेचं दुखणं नेमकं ओळखलं होतं, म्हणूनच उत्तरेच्या बाजूला तटामागे तट घातले. पण एक गोष्ट नकाशावर नीट कळत नाही, ती तिथे उभं राहिल्यावरच लक्षात येते: हा किल्ला एक नाही, दोन आहेत. उत्तरेचा बाहेरचा आणि दक्षिणेचा आतला, मध्ये दरी. बाहेरचा घेतला म्हणून आतला मिळत नाही.

लढाई सांगायला सुरुवात करावी ती तटावरून नव्हे, तोफा ज्या वाटेने आल्या तिथून. चालून आलेल्या इंग्रज फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली तेव्हा 34 वर्षांचा होता. वॉटर्लूला नेपोलियनला हरवून जगभर गाजलेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. 23 सप्टेंबरला असईला आणि 29 नोव्हेंबरला अडगावला त्याने मैदानी लढाया जिंकल्या होत्या. गाविलगडच्या दक्षिणेकडून, म्हणजे वऱ्हाडच्या सपाटीवरून, चढाई करणं जवळपास अशक्य. तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेला अचलपूरहून डोंगरात घुसवून, दामरगाववरून वळसा घालून उत्तरेच्या लबाडा गावाकडे आणायचं ठरलं. वेढ्याच्या जड तोफा आणि दारूगोळा जवळपास तीस मैल, म्हणजे 48 किलोमीटरच्या आसपास, डोंगर-नाल्यांतून माणसांनी हाताने ओढून नेला. वाट नव्हती, ती फौजेनेच काढली. 7 डिसेंबरला सुरू झालेलं हे काम 12 तारखेला संपलं.

सहावीच्या मुलाला 'वेलस्लीने गाविलगड जिंकला' हे वाक्य पाठ करायला एक मिनिट लागतं. त्याच मुलाला परतवाड्याकडून वर चढणाऱ्या घाटात गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहायला सांगावं. हे नाले, हा सागाचा उतार, रस्ता नसता तर यातून लोखंडी तोफ वर कशी न्याल? हा प्रश्न गाडीतच विचारायचा आणि उत्तर किल्ल्यावर पोहोचेपर्यंत राखून ठेवायचं. चांगला सांगणारा हेच करतो.

13 डिसेंबरला तोफा धडाडल्या, 14 च्या रात्रीपर्यंत उत्तरेच्या तटाला आत शिरता येईल एवढं खिंडार पडलं. 15 ला सकाळी हल्ला. बाहेरचा किल्ला फार वेळ टिकला नाही. किल्लेदार बेनीसिंग आणि त्याचे लोक आतल्या किल्ल्याच्या बाजूने लढत राहिले. हल्लेखोर दरीत उतरले तेव्हा पुढे अरुंद वाट, एकामागून एक दरवाजे आणि वरून मारा. इथे लढाई अडली. मग 94 व्या पलटणीतल्या कॅप्टन कॅम्पबेलने आपल्या हलक्या कंपनीसह दरीच्या पलीकडच्या कड्यावर चढून भिंतीला शिड्या लावल्या, माणसं आत उतरवली आणि आतून दरवाजा उघडला. तिथून पुढे सगळं झपाट्याने संपलं. बेनीसिंग लढताना पडला. राजपूत बायकांच्या जोहाराची हकिकतही सांगितली जाते. ती सांगताना आवाज कमी करावा, रंग भरू नये.

या दरीच्या काठावर दोन गट करून मुलांना उभं करावं. एक गट आतल्या तटाखाली, एक समोर. समोरच्या गटाने हात वर करून पलीकडच्यांना ओरडून काहीतरी सांगावं. आवाज जातो, माणूस जात नाही. एवढं पाच मिनिटांत उमगलं की कॅम्पबेलच्या शिड्यांचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. दिल्ली दरवाज्यावरचा गंडभेरुंड, हत्ती पंजांत धरलेला तो दोन डोक्यांचा पक्षी, त्यानंतर दाखवावा. आधी दाखवला तर तो नुसतं शिल्प राहतो. लढाईनंतर दाखवला की दरवाजा ओलांडणाऱ्याला काय वाटावं म्हणून तो तिथे कोरला असेल, हा विचार मुलांच्या डोक्यात आपोआप येतो.

मग हे सांगायचं कुणी?

गाविलगड केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे आणि भोवतीचं जंगल मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं. 1973-74 मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाले तेव्हाच्या पहिल्या नऊत मेळघाट होता. त्यामुळे इथे एक दुर्मीळ योग जुळून आला आहे: लढाईची जागा आणि तिला राखणारे जंगलखात्याचे लोक. वनरक्षक, वनपाल, वनपरिक्षेत्र अधिकारी, आणि त्यांच्याबरोबर काम करणारे गाइड, ज्यांत स्थानिक कोरकू तरुण बरेच. जंगल कसं दाखवायचं हे त्यांना ठाऊक आहे. ओल्या मातीतला पंजा पाहून ते थांबवतात, सांबराचा इशारा ऐकला की हाताने गप्प राहायला सांगतात. सेमाडोहला वनखात्याचं माहिती केंद्र आहे, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह होतो, निसर्ग शिबिरं होतात. जागेवर थांबून दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणारी गोष्ट सांगणं हीच त्यांची रोजची विद्या. रणभूमी दाखवायलाही हीच विद्या लागते.

अमेरिकेत हे काम फार पूर्वीपासून शिस्तीने होतं. पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला 1863 च्या जुलैत, 1 ते 3 या तीन दिवसांत, यादवी युद्धातली सर्वांत रक्तरंजित लढाई झाली. दोन्ही बाजू मिळून मेलेले, जखमी आणि बेपत्ता यांचा आकडा पन्नास हजारांच्या घरात जातो. तिथे 1915 पासून परवानाधारक गाइडांची पद्धत आहे. लेखी परीक्षा द्यावी लागते, मग प्रत्यक्ष रणांगणावर तोंडी. 1933 मध्ये अशा रणभूमी लष्कराच्या खात्याकडून राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आल्या आणि रुंद काठाची टोपी घातलेले रेंजर लोकांना घेऊन शेतांतून चालू लागले. तिसऱ्या दिवशी दक्षिणेकडच्या फौजेने ज्या उघड्या मैदानातून हल्ला केला ते जवळपास मैलभराचं अंतर रेंजर लोकांना पायी चालवतात. आडोसा नाही, समोर दगडी भिंत. चालणाऱ्याला आणखी काही समजावण्याची गरज राहत नाही. लहान मुलांसाठी 'ज्युनिअर रेंजर'ची वही असते, ती भरून दिली की शपथ आणि बिल्ला.

या उद्यान सेवेसाठी फ्रीमन टिल्डन या लेखकाने 1957 मध्ये जागा समजावून देण्याच्या कलेवर एक पुस्तक लिहिलं आणि ते आजही तिथल्या रेंजरांच्या हाती असतं. त्यातला गाभा असा की नुसती माहिती देणं म्हणजे समजावून देणं नव्हे, आणि ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या जगण्याशी जोडलं नाही तर सगळं वाया. मुलांसाठीचा कार्यक्रम हा मोठ्यांच्या कार्यक्रमाचं पातळ रूप नसावा, तो मुळापासून वेगळा आखावा, हेही त्यात आहे. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. मोठ्यांसाठीची पाटी मुलांना वाचून दाखवली जाते.

गेटिसबर्गची आणखी एक गोष्ट इथे उपयोगाची. तिथे पिढ्यान्पिढ्या सेनापती, पलटणी आणि शौर्य एवढंच सांगितलं जाई. युद्ध कशासाठी झालं, त्यात गुलामगिरीचा वाटा काय, हे बाजूला राही. 2000 च्या सुमारास तिथल्या संसदेनेच उद्यान सेवेला सांगितलं की रणांगणावर युद्धाचं कारणही सांगा. वाद झाला, पण कार्यक्रम बदलले.

विदर्भात रणभूमीवर लोकांना रीतसर फिरवणारी एक जागा आहे, नागपूरच्या मध्यावर. सीताबर्डीचा किल्ला प्रादेशिक सेनेच्या ताब्यात आहे आणि तो वर्षातून तीन दिवस लोकांसाठी उघडतो: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट. ओळखपत्र घेऊन रांगेत उभं राहायचं. तिन्ही दिवस झेंडावंदनाचे, त्यामुळे शाळेत ध्वज फडकला की गणवेशातच निघालेली मुलं तिथे दिसतात. जवान वाट दाखवतात. वर गेल्यावर खाली रेल्वे स्टेशन, बाजार आणि अवघं शहर.

पण बहुतेकांच्या डोक्यात एक गोंधळ असतो. लढाई या किल्ल्यासाठी झाली असं त्यांना वाटतं. 26 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेने हल्ला केला तेव्हा इथे तटबंदी नव्हती. दोन उघड्या टेकड्या होत्या, एक मोठी, एक लहान, आणि त्यांवर ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट जेन्किन्स याच्या रक्षणासाठी लेफ्टनंट कर्नल हॉपटन स्कॉटच्या काही पलटणी. रात्रभर लढाई चालली. 27 च्या सकाळी अप्पासाहेबांच्या अरब शिपायांनी लहान टेकडी जिंकली आणि डाव फिरल्यासारखं झालं. मग कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाचा हल्ला, एका दारूच्या गाडीचा स्फोट, उडालेली धांदल आणि ती टेकडी पुन्हा इंग्रजांकडे. कंपनीकडचे मेलेले-जखमी मिळून 367. हा तट उभा राहिला तो त्यानंतर, जिंकलेल्यांनी, पुन्हा अशी वेळ येऊ नये म्हणून. म्हणजे लोक जी भिंत पाहायला रांगेत उभे राहतात ती लढाईची साक्षीदार नाही, परिणाम आहे. हे वर उभं राहून, टेकडीचा उघडेपणा डोळ्यांपुढे आणून सांगितलं तरच पटतं.

तिथेच नवगज अली बाबांची कबर आहे. 1857 मध्ये फाशी दिलेल्या नवाब कादर अली आणि त्यांच्या आठ साथीदारांची ती एकत्र कबर, म्हणून नऊ गज लांब, असं सांगितलं जातं. नवाब टिपू सुलतानाचे नातू होते असंही. लोकांनी जपलेली अशी कथा सांगावीच. पण 'लोक असं सांगतात' आणि 'कागदांत असं आहे' या दोन वाक्यांतला फरकही त्याच दमात सांगावा. शाळेतल्या मुलाला हा फरक कळतो. उलट, दोन्ही एकाच आवाजात सांगितलं की तो पुढे कशावरच विश्वास ठेवत नाही.

आर्वीकरांना मात्र लढ्याची जमीन पाहायला नागपूर किंवा मेळघाट गाठायची गरज नाही. तळेगाव श्यामजीपंतवरून पुढे गेलं की आष्टी. 1942 मध्ये हे गाव आर्वी तहसिलीत होतं, आज स्वतःच तालुका आहे आणि नावापुढे 'शहीद' लागतं. गावात मोगली थाटाचे जुने मकबरे आहेत. जहांगीराच्या काळातला जहागीरदार मुहम्मदखान नियाझी 1627 मध्ये वारला, त्याचा एक. पण गावाचं नाव देशभर झालं ते 16 ऑगस्ट 1942 मुळे. रविवार होता, नागपंचमी होती. मुंबईत 'चले जाव'चा ठराव होऊन आठवडाच उलटला होता. गांधीजींसह पुढारी तुरुंगात गेलेले. गावोगाव तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी माणसं पेटलेली. पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला जमाव निघाला. ठाण्यातून गोळीबार झाला. माणसं पडलेली पाहून जमाव मागे हटला नाही, ठाण्यावर तुटून पडला. ठाणं जळालं, ठाणेदारासह पोलीस मारले गेले. त्याच दिवशी चिमूरलाही असाच उठाव झाला.

आष्टीचे सहा हुतात्मे: डॉ. गोविंद मालपे, केशव ढोंगे, उदेभान कुबडे, रशीद खाँ, पंची गोंड आणि हरिलाल. या यादीजवळ मुलांना थांबवून नावं एकेक करून मोठ्याने वाचायला लावावीत. एका गावाच्या रस्त्यावर त्या दिवशी कोण कोण शेजारी उभं होतं हे नावांवरूनच कळतं. डॉक्टर आहे, गोंड आहे, खाँ आहे.

नंतरचा भाग तर बहुतेक भाषणांत गाळलाच जातो. फौज आली, धरपकड झाली, खास न्यायालयात खटले चालले, आष्टी आणि चिमूरच्या कैद्यांना फाशीच्या शिक्षा झाल्या. चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी 63 दिवसांचा उपास केला. फाशी रद्द व्हावी म्हणून अनसूयाबाई काळे यांनी जिवापाड धडपड केली, गांधीजींनी आवाज उठवला आणि 1945 मध्ये या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या गेल्या. सेवाग्राम आष्टीच्याच जिल्ह्यात आहे. अहिंसेचा आश्रम आणि जळलेलं ठाणं, एका जिल्ह्यात, एकाच काळात. त्या ठाण्यात मेलेले पोलीसही इथलेच, पगारावर काम करणारे. हे सगळं मुलांना सांगायचं की नाही, असा प्रश्न शिक्षकांपुढे येतो. सांगायला हवं. हुतात्म्यांचं मोल त्याने तसूभरही कमी होत नाही. गोळी झाडणारा, दगड उचलणारा आणि उपास करणारा, तिघांनी त्या दिवसांत काय ठरवलं आणि का, हे विचारायला आठवीतला मुलगा पुरेसा मोठा असतो.

नागपंचमीला आष्टीत हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. पुढारी येतात, भाषणं होतात, हार घातले जातात. त्याला जोडून तासाभराची पायी फेरी निघाली तर खर्च जवळपास शून्य. जमाव जमला ती जागा, ठाण्याकडे जाणारा रस्ता, गोळीबाराची जागा, नावांची यादी. फेरी काढणारा गावचाच असावा, आणि त्याने आधी कागद वाचलेले असावेत: खटल्याचे निकाल, जिल्हा गॅझेटियर, त्या वेळची वर्तमानपत्रं. मेळघाटात गाइडांना पक्षी आणि झाडं शिकवतात त्या शिबिरांत 1803 चा एक दिवस घालता येईल, लबाड्याकडून दरीपर्यंत पायी. कोरकू गाइडाला त्या वाटांची ओळख कोणत्याही इतिहासाच्या प्राध्यापकापेक्षा जास्त आहे. गाविलगडावर इंग्रजीत कादंबरी निघाली, बर्नार्ड कॉर्नवेलची, त्यामुळे इंग्लंडातल्या वाचकांना ही दरी नावानिशी माहीत आहे. आर्वीच्या मुलाला ती तिथे उभं राहून कळली पाहिजे.

आष्टीच्या कामाला मात्र वेळ फार उरलेला नाही. 1942 ला कळत्या वयात असलेली माणसं आता जवळपास संपली आहेत. त्यांच्या मुला-नातवंडांकडे ऐकलेलं आहे: कोण रात्री शेतात लपलं, फौज आली तेव्हा कुणाच्या घराची झडती झाली, तुरुंगातून पत्र कधी आलं. शाळेच्या नववीच्या वर्गाने मोबाइलवर ही बोलणी टिपून घ्यावीत, खाली सांगणाऱ्याचं वय आणि नातं लिहावं आणि ग्रामपंचायतीच्या वाचनालयात एक प्रत ठेवावी. नागपंचमी श्रावणात येते, शाळा तेव्हा सुरू असतात.